बोर्ड, फोन आणि बार : सुनावणीची सूचना देणाऱ्या एका सेवेचा वर्षभराचा अनुभव

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्याचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, कारण उद्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, तेव्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येतो. कोणत्या न्यायदालनात, कोणत्या क्रमांकावर आपले प्रकरण लागले आहे हे त्यातून शोधून डायरीत टिपण्याचे काम आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षे मुन्शी करीत आले. गेल्या वर्षी ते प्रकृतीच्या कारणाने घरी बसले आणि मी ते काम फोनवरील एका खाजगी सूचना-सेवेकडे सोपवले. तशा अनेक सेवा बाजारात आहेत आणि त्यांचे गुणदोष बरेचसे सारखेच असतात, त्यामुळे या सेवेचे नाव येथे देत नाही. वार्षिक वर्गणी १,८०० रुपये होती. वर्ष पूर्ण होऊन नूतनीकरणाचे निरोप येऊ लागले आहेत, आणि दोन-तीन तरुण सहकाऱ्यांनी 'घ्यावी का?' असे विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सेवेची आश्वासने तीन आहेत. आदल्या संध्याकाळी आपल्या नावावरची सर्व प्रकरणे कळवणे, दिवसभर प्रत्येक न्यायदालनात कोणता क्रमांक चालू आहे ते दाखवणे, आणि आपला पुकारा अंदाजे किती वाजता होईल ते सांगणे. यांपैकी पहिले काम ही सेवा बहुतेक वेळा चोख करते. संध्याकाळी जेवायला बसण्यापूर्वी यादी फोनवर आलेली असते, प्रकरणाची मागील तारीख व मागील आदेश सोबत जोडलेले असतात, आणि कार्यालयीन हरकती, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयाने दाखल कागदांत काढलेल्या त्रुटी, दूर करायच्या राहिल्या असतील तर त्याची आठवणही करून दिली जाते. हरकती वेळेत दूर न झाल्यामुळे स्टॅम्प क्रमांकावरच, म्हणजे नोंदणीपूर्वीच्या तात्पुरत्या क्रमांकावरच, अडकून पडलेली याचिका कोणत्याही वकिलाने उघडपणे मिरवावी अशी गोष्ट नव्हे. त्या दृष्टीने ही आठवण एकटीच अर्धी वर्गणी वसूल करते. दुसऱ्या कामाविषयी पुढे लिहितो. तिसरे काम मात्र करायला घ्यायचेच नव्हते.

याचे कारण बोर्डाच्या स्वभावात आहे. बोर्डावरचा क्रमांक ही रांगेतली जागा असते, घड्याळातली वेळ नव्हे. न्यायालय साडेदहाला बसते, दीड ते अडीच मधली सुट्टी असते आणि साडेचारच्या सुमारास कामकाज आटोपते. म्हणजे हातात जेमतेम पाच तास. त्यात साठ-सत्तर प्रकरणे लागलेली असली तर सेवेचे गणित भागाकार करते आणि प्रत्येकाला चार-पाच मिनिटे वाटून देते. प्रत्यक्षात पहिली वीस प्रकरणे अर्ध्या तासात उडतात, कारण कुठे नोटीस बजावली गेलेली नसते, कुठे सरकारी वकिलांना उत्तर दाखल करायला मुदत हवी असते, कुठे विरुद्ध बाजूच्या वकिलांची रजेची चिठ्ठी असते. मग एकविसाव्या क्रमांकावर एखादी अशी रिट याचिका निघते की तिच्यात दोन्ही बाजूंचे ज्येष्ठ वकील उभे राहतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत कोणी बसत नाही. अर्धवट राहिलेली सुनावणी, ज्याला आम्ही पार्ट-हर्ड म्हणतो, ती कुठे घ्यायची हे न्यायासन ठरवते. 'हाय ऑन बोर्ड' असा आदेश असलेले प्रकरण वरच्या क्रमांकांत येते. ऐन वेळी पुरवणी बोर्ड निघतो. एखाद्या दिवशी न्यायमूर्ती बसत नाहीत आणि सबंध बोर्डच डिस्चार्ज होतो, म्हणजे सुनावणी न होताच सोडून दिला जातो. या सगळ्याची सरासरी काढणे म्हणजे वर्धा रोडवरच्या वाहतुकीची सरासरी काढून अमुक चौकात अमुक वाजता पोचेन असे छातीठोकपणे सांगण्यासारखे आहे.

या 'अंदाजे वेळे'चा फटका माझ्यापेक्षा पक्षकारांना अधिक बसला. सेवेत पक्षकाराचा क्रमांक भरून ठेवला की त्यालाही आपोआप संदेश जातो, आणि ही सोय मला सुरुवातीला फार आवडली होती. या खंडपीठाकडे विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून लोक येतात. सिरोंच्याचा माणूस जसा येतो तसा बुलढाण्याचाही येतो, आणि रात्रभर एसटीत बसून पहाटे गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरतो. अशाच एका बुलढाण्याच्या पक्षकाराला दुपारी ३.१० ची वेळ कळवली गेली. ते सकाळी नागपुरातच नातेवाइकांकडे थांबले आणि दोन वाजता न्यायालयात पोचले. त्यांचे प्रकरण सव्वाअकराला पुकारले गेले होते आणि आदेशही झाला होता. वकील हजर असल्यावर पक्षकार नसल्याने कायद्याने काही बिघडत नाही, पण अकरा वर्षे चाललेल्या खटल्याचा शेवट आपल्या डोळ्यांनी पाहायला आलेल्या माणसाला ते कसे समजावणार? त्यांनी मला काहीच म्हटले नाही, आणि तेच जास्त लागले. त्या दिवसापासून पक्षकारांना जाणारे संदेश मी बंद केले. आता 'किती वाजता लागेल?' असे कोणी विचारले की आमचे जुने मुन्शी देत तेच उत्तर देतो : साडेदहाला या आणि बसून राहा.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे आणि तो तपशिलाने सांगायला हवा, कारण या प्रकारची कोणतीही सेवा घेणाऱ्याला तो उपयोगी पडेल. एप्रिलमधली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातील शेताच्या वाटणीतून निघालेले एक द्वितीय अपील एकल न्यायमूर्तींपुढे पुरवणी बोर्डावर अंतिम सुनावणीसाठी चौथ्या क्रमांकावर लागले होते. माझ्या फोनवर त्या दिवशी एकच प्रकरण दाखवले जात होते, दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढचा एक फौजदारी अर्ज, आणि मी निश्चिंतपणे त्याच न्यायदालनात बसलो होतो. माझ्या आडनावात 'व' आहे. इंग्रजीत तो कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. मी सेवेत 'व्ही' भरला होता. त्या अपिलात माझ्याच वकीलपत्रावर, माझ्याच कार्यालयात टंकलिखित झालेला, 'डब्ल्यू' होता. यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे वकील होते.

पावणेअकराच्या सुमारास विरुद्ध बाजूच्या कार्यालयातले मुन्शी दाराशी आले, न्यायासनाकडे वाकून नमस्कार केला आणि बाकांच्या कडेने माझ्यापर्यंत येऊन कानाशी म्हणाले, "साहेब, तुमचं मॅटर पुकारलं ना! आमच्या सरांनी कीप बॅक घेतलं. चला लवकर." मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला फौजदारी अर्जासाठी बसवले आणि दगडी व्हरांड्यातून, गाऊन सावरत, जवळजवळ धावत गेलो. १९४० साली खुल्या झालेल्या या इमारतीचे घुमट आणि कमानी पाहायला लोक मुद्दाम येतात. त्या व्हरांड्याची लांबी किती आहे हे मात्र मला त्या दिवशी कळले. मी दारात पोचलो तेव्हा सहावा क्रमांक चालू होता. विरुद्ध बाजूचे ज्येष्ठ वकील पहिल्या रांगेत शांतपणे कागद चाळत बसले होते. मी शेजारी बसून आभार मानू लागलो तर त्यांनी फक्त माझ्या गळ्याकडे बोट केले. धावताना गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांपैकी, म्हणजे बँडपैकी, एक उलटी झाली होती.

त्यांनी काय केले हे तरुण वाचकांसाठी स्पष्ट करतो. अपील पुकारले गेले तेव्हा अपीलकर्त्यातर्फे, म्हणजे माझ्या बाजूने, कोणीच उभे नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १७ प्रमाणे अपीलकर्ता गैरहजर असेल तर अपील गैरहजेरीसाठी फेटाळता येते, आणि द्वितीय अपिलालाही आदेश ४२ मुळे हेच नियम लागू होतात. मग नियम १९ खाली ते पुन्हा दाखल करून घेण्यासाठी अर्ज करायचा, त्याला मुदत ३० दिवसांची, पुरेसे कारण दाखवायचे, आणि त्या कारणात 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची कहाणी शपथपत्रावर लिहायची. ते गप्प राहिले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्याऐवजी ते उभे राहिले आणि 'माझे विद्वान मित्र शेजारच्या न्यायदालनात आहेत, प्रकरण थोडा वेळ मागे ठेवावे' अशी विनंती त्यांनी माझ्या वतीने केली. त्यांना मी कुठे आहे हे ठाऊक होते, कारण सकाळी बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, चहा घेताना मीच ते बोललो होतो. बाररूममधला तो चहा दहा रुपयांचा होता.

त्यानंतर त्याच ज्येष्ठांनी त्याच अपिलात माझ्याविरुद्ध पाऊण तास युक्तिवाद केला, तोही असा की मला एक इंच जागा दिली नाही. द्वितीय अपिलात त्याच संहितेच्या कलम १०० प्रमाणे न्यायालयाने कायद्याचा जो सारभूत प्रश्न आखून दिलेला असतो त्यावर सुनावणी होते, आणि तसा प्रश्न मुळात या प्रकरणात उद्भवतच नाही असे म्हणण्याची मुभा प्रतिवादीला असते. त्यांनी नेमके तेच धरले. सौजन्य आणि सवलत यांतला हा फरक ज्याला उमगला त्याला बाकीचा शिष्टाचार फारसा शिकवावा लागत नाही.

सेवेकडे मी तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर आले की यादी अधिकृत संकेतस्थळावरून घेतली जाते, नावाच्या वर्णलेखनातील फरकाची जबाबदारी त्यांच्याकडे नाही, आणि वर्गणीदाराने आपल्या नावाचे सर्व पर्याय भरावेत. शेवटचा सल्ला योग्यच होता, फक्त तो वर्गणी घेताना द्यायला हवा होता. नोंदणी करताना नावासाठी एकच रकाना दिसतो. 'आणखी पर्याय' हा दुवा तीन पडदे आत दडलेला आहे. माझ्या अनुभवाचे सार एवढेच सांगतो की नावाने शोध कधीही ठेवू नये. प्रत्येक प्रकरणाचा ई-कोर्ट्स प्रणालीतला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक किंवा प्रकरण क्रमांक भरावा. त्यात एक संध्याकाळ जाते, पण क्रमांकात 'व' नसतो.

या सेवेत 'न्यायालयीन शिष्टाचार' नावाचे एक दालनही आहे आणि जाहिरातीत त्याचा बराच गवगवा असतो, म्हणून त्याविषयीही लिहिणे भाग आहे. त्यातील पोशाखाचा भाग अचूक आहे. उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते ही सवलत सर्वोच्च व उच्च न्यायालयांना लागू नाही, हे तेथे नीट सांगितले आहे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला असतानाही सुट्टीतील न्यायालयापुढे कोट, बँड आणि गाऊन घालूनच उभे राहावे लागते. बँड व गाऊन न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी मिरवू नयेत हा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियमही दिला आहे. कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर बँड लावून उभे असलेले नवे वकील पाहतो तेव्हा मला नियमापेक्षा त्या पांढऱ्या कापडाची आणि तर्रीच्या लाल तेलाची जास्त चिंता वाटते.

संबोधनाचा भाग मात्र अपुरा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००६ सालच्या नियमाप्रमाणे उच्च न्यायालयात 'युवर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणावे, 'माय लॉर्ड' हा वसाहतकाळाचा अवशेष आहे, एवढे सांगून ती मार्गदर्शिका थांबते. पुस्तकी उत्तर म्हणून ते बरोबर आहे. पण तेवढ्यावर विसंबून जो कनिष्ठ वकील उभा राहील त्याला आजूबाजूला अजूनही सर्रास 'माय लॉर्ड' आणि 'युवर लॉर्डशिप'च ऐकू येईल, आणि तो गोंधळेल. मूळचे नागपूरचे आणि याच खंडपीठात वकिली केलेले शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, २०२१ च्या फेब्रुवारीत, एका विद्यार्थ्याने त्यांना 'युवर ऑनर' म्हटले, तेव्हा 'तुमच्या डोळ्यांपुढे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय तरी आहे किंवा दंडाधिकारी तरी' अशा आशयाची कानउघाडणी त्यांनी केली होती. नियम एक सांगतो आणि प्रघात दुसरे करतो. अशा वेळी आधी मागच्या बाकावर बसून त्या न्यायदालनाची रीत पाहून घ्यावी, हा सल्ला त्या दालनात कुठेही नाही.

आणखीही बरेच तेथे नाही. मेन्शनिंगविषयी, म्हणजे तातडीचे प्रकरण लवकर घ्यावे अशी न्यायासनापुढे तोंडी विनंती करण्याविषयी, दोन ओळी आहेत, त्याही दिल्लीच्या पद्धतीला धरून. सर्क्युलेशन, म्हणजे प्रकरण बोर्डावर घेण्याची परवानगी, मागताना निकड एका वाक्यात सांगता आली पाहिजे. उद्या सकाळी बांधकाम पाडले जाणार आहे, निवडणुकीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख आहे, असे काहीतरी. 'माय लॉर्ड, यात तथ्ये अशी आहेत की' अशी सुरुवात केली की समजावे, विनंती बुडाली. विरुद्ध बाजूला आधी कळवले आहे का, हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर 'होय' असावे लागते. न्यायनिर्णयांचे संकलन समोरच्या वकिलांना आदल्या दिवशी द्यावे. उभे राहून बोलता बोलता खिशातून निकाल काढणाऱ्याकडे सगळा बार ज्या नजरेने पाहतो ती नजर मी माझ्या पहिल्या वर्षी अनुभवली आहे. समोरचे वकील बोलत असताना आपण उभे राहू नये, कारण एका वेळी एकच उभा असतो. दुसऱ्यांच्या मुद्द्यावर मान हलवणे, हसणे, मागे वळून पक्षकाराकडे पाहणे, यांतले काहीच न्यायासनाच्या नजरेतून सुटत नाही.

आणि वेळेचा अंदाज! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात साधारणपणे प्रत्येक बाजूला अर्ध्या तासाचे माप असते. आपल्याकडे तसे घड्याळ नाही. सर्वोच्च न्यायालयात केशवानंद भारती प्रकरण ६८ दिवस ऐकले गेले. म्हणूनच 'किती वेळ लागेल?' या न्यायमूर्तींच्या प्रश्नाला दिलेले उत्तर हाच आपल्याकडचा करार असतो. वीस मिनिटे म्हटले तर एकोणिसाव्या मिनिटाला शेवटचे पान उघडलेले असावे. 'फक्त पाच मिनिटे' असे सांगून चाळीस मिनिटे घेणाऱ्या वकिलाच्या शब्दावर पुढच्या वेळी दिवसाचा क्रम आखला जात नाही, आणि हे कोणतीही सेवा फोनवर कळवत नाही.

आता दिवसभर चालणाऱ्या क्रमांकाविषयी. हे दालन वापरायला सोपे आहे, एका वेळी चार न्यायदालने शेजारी शेजारी दिसतात, आणि आपल्या आधी पाच क्रमांक उरले की फोन थरथरतो. दोन ठिकाणी प्रकरणे असलेल्या वकिलाला हे वरदान आहे. उणीव अशी की हा आकडा न्यायालयाच्या स्वतःच्या डिस्प्ले बोर्डावरूनच घेतला जातो आणि कधी कधी एक-दोन क्रमांक मागे राहतो. प्रकरणे भराभर उडत असताना एक-दोन क्रमांक म्हणजे सगळेच. शिवाय जुलैमधल्या एका अद्ययावतीकरणानंतर सूचना गजरासारखी वाजू लागली आणि फोन मूक ठेवला असूनही ती एकदा चालू न्यायदालनात वाजली. सनईचा सूर होता. मी उभा राहून क्षमा मागितली, न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिले, चोपदारानेही पाहिले, आणि पुढचा क्रमांक पुकारला गेला. तेव्हापासून न्यायदालनात शिरताना मी फोन बंदच करतो, म्हणजे ज्या सोयीसाठी पैसे भरले ती ऐन वेळी बंद असते.

ज्यांना पैसे भरायचे नाहीत त्यांनी हे लक्षात घ्यावे की न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा बोर्ड, डिस्प्ले बोर्ड आणि ई-कोर्ट्सचे मोफत ॲप एवढ्यावर एका माणसाचे कार्यालय उत्तम चालते. दूरदृश्य पद्धतीने हजर राहणाऱ्यांना तर पडद्यावर एका बाजूला डिस्प्ले बोर्ड उघडा ठेवणे केव्हाही सोयीचे. तेथेही कोट-बँड हवेतच, ध्वनी आपला पुकारा होईपर्यंत बंद हवा, आणि धावत्या मोटारीतून युक्तिवाद करू नये, हे अजूनही सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन देईन. संध्याकाळची सूचना आणि हरकतींची आठवण यांसाठी साडेचार, चालू क्रमांकासाठी तीन, शिष्टाचाराच्या दालनासाठी दोन, आणि 'अंदाजे वेळे'साठी शून्य. पन्नासहून अधिक चालू प्रकरणे असलेल्या कार्यालयाने घ्यावी. वर्ष-दोन वर्षे झालेल्या वकिलाने ते पैसे वाचवून रोज संध्याकाळी बोर्ड स्वतः, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पुरवणीसकट वाचावा, म्हणजे कोणत्या न्यायदालनात कोणत्या प्रकारची कामे लागतात हेही आपोआप कळत जाते.

मी स्वतः एका वर्षासाठी नूतनीकरण केले आहे, सर्वांत स्वस्त योजनेत. नाव काढून टाकले, सर्व प्रकरणे क्रमांकाने भरली, गजर बंद केला. मुन्शीही आता बरे होऊन आठवड्यातून तीन दिवस येतात. ते बोर्ड अजूनही कागदावर छापून घेतात आणि लाल पेन्सिलीने खुणा करतात. परवा त्यांनी फोनच्या यादीशी ताडून पाहिले आणि एक प्रकरण जास्तीचे काढून दाखवले. ते मी सेवेत भरायलाच विसरलो होतो.